शिळी डिस्क

कावेंगाचा चढ लागला तशी पिकअप कण्हायला लागली. लुसुंगू म्सिस्का स्टिअरिंगवर ओणवी झाली, जणू तिच्या वजनानं गाडी वर जाणार होती. करोंगाच्या हॉस्पिटलातलं काम उरकून ती थेट इकडे निघाली होती. मधे घरी जायला मिळालं नव्हतं. रविवारी म्झुझूला तिच्या भाचीचा साखरपुडा झाला, त्याचे फोटो तिनं रस्त्याकडेला गाडी थांबवून फोनवर पाहिले. मावशी कुठे दिसत नाही, असं विचारणारे निरोपही आले होते. एकालाही तिनं उत्तर दिलं नव्हतं.

उत्तरेकडच्या सगळ्या हॉस्पिटलांतले सर्व्हर तिच्याकडे होते. सगळे म्हणजे सगळे. पूर्वी या कामाला तिघं होती. एकजण दक्षिणेला गेला, दुसऱ्याला परदेशी संस्थेनं उचललं, आणि उरली ती लुसुंगू, तिचा दुखरा गुडघा आणि मागच्या सीटवरची अवजारांची पेटी.

मिशन हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरताच तिला ओसरीवरची रांग दिसली. एचआयव्हीच्या औषधांचा दवाखाना होता तो. बायका पाठीवर पोरं बांधून भिंतीला टेकल्या होत्या, म्हातारे जमिनीवरच पसरले होते. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. आत खिडकीशी सिस्टर हारा प्रत्येकाला विचारत होत्या, "कुठल्या गोळ्या घेता? मागच्या खेपेला रक्त कधी तपासलं?" आणि समोरचा माणूस आठवायचा प्रयत्न करत डोकं खाजवत होता.

मॅनेजर म्हांगो धावतच पुढे आले. "अमामा, आलात! देव पावला. आता तेवढं काहीतरी दाबा आणि सुरू करून द्या."

"काय दाबू?"

"ते तुम्हाला माहीत. पडद्यावर विचारतंय ना ते, नवी मांडणी करू का म्हणून. मी सिंगिनीला कालपासून सांगतोय, हो म्हण. तो ऐकेल तर शपथ."

लुसुंगू जागच्या जागी थांबली. "हो म्हटलं नाही ना कुणी? आतलं सगळं पुसून जाईल."

"नाही हो."

"मग त्या सिंगिनीला माझ्याकडून चहा पाजा," ती म्हणाली आणि सर्व्हरच्या खोलीकडे वळली.

खोली कसली, जुनं कोठार होतं ते. भिंतीवरचा थंड हवेचा डबा बंद होता, कारण जनरेटरवर तो चालत नसे आणि दिवसाचा निम्मा वेळ जनरेटरच असे. आत भट्टीसारखं गरम. झोंडवायो सिंगिनी स्टुलावर बसला होता. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणारा हा माणूस चाळिशीच्या अलीकडचा, उंच, एरवी तोंडाळ. त्याचं आणि लुसुंगूचं फोनवर नेहमी वाजायचं. तो म्हणायचा, वरच्या ऑफिसातली माणसं सामान पाठवत नाहीत. ती म्हणायची, पाठवलेलं तू कुठे ठेवतोस ते आधी सांग. आज मात्र तो नुसताच उठून उभा राहिला. गेल्या खेपेपेक्षा बराच वाळलेला वाटला तिला.

"सांग," ती स्टुलावर टेकत म्हणाली.

"परवा दुपारी वीज गेली, जनरेटर लागला, आणि हा उठलाच नाही. चारातल्या दोन डिस्क दिसत नाहीत म्हणतो."

"दोन एकदम?"

त्यानं मान खाली घातली. "एक आधीची असावी. पिवळा दिवा लागला होता."

"कधी?"

"झाले काही महिने."

लुसुंगूनं डोळे मिटून घेतले. ओरडायचं तर त्यालाही ताकद लागते. या सर्व्हरमधल्या चार डिस्क मिळून लिहीत. प्रत्येकीत थोडं थोडं, आणि असं जुळवून, की एखादी मेलीच तर तिच्यातलं उरलेल्या तिघी सांगू शकाव्यात. या मांडणीला रेड म्हणतात. एक गेली तरी काम चालू राहतं, नुसता एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा म्हणजे डिस्क बदला अशी विनंती. ती विनंती महिनोन्‌महिने कुणी ऐकली नाही, आणि परवा दुसरी गेली. दोन गेल्या की सगळंच गेलं.

पडद्यावर दुसरा आणि चौथा खण रिकामा दाखवत होता. "दिवा कुठल्या खणात होता? दुसऱ्या की चौथ्या?"

"तेच तर," सिंगिनी पुटपुटला. "काल मी सगळ्या डिस्क बाहेर काढल्या. धूळ पुसली. परत लावताना... नक्की सांगता येणार नाही."

"पुसल्या? भांडी होती का ती?"

"वाटलं, धुळीनं झालं असेल."

"आणि बॅकअप?"

"बॅकअपची डिस्क पावसाळ्यात भरली. दुसरी मागितली होती. तुमच्याच ऑफिसकडे."

हे खरं होतं. ती मागणी तिच्या टेबलावर येऊन पुढे गेली होती आणि पुढे कुठेतरी झोपली होती. लुसुंगूनं पेटी उघडली, सर्व्हरचं झाकण काढलं आणि टॉर्च तोंडात धरून आत पाहिलं. डिस्क आणि मशीन यांच्यामध्ये जे कार्ड असतं, कंट्रोलर, त्याच्यावरचा छोटा पंखा किटणानं जाम झाला होता. कार्डावरची बॅटरी उशीसारखी फुगली होती.

"हे बघ. मेलंय ते हे. डिस्क नव्हे. हा तापला की त्याला समोरच्या डिस्क दिसेनाशा होतात, मग तो त्यांनाच मेलेल्या ठरवतो."

सिंगिनीच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "म्हणजे डिस्क चांगल्या आहेत?"

"चौघीही चांगल्या आहेत. तीच तर पंचाईत."

रुम्फीला भंगारात काढलेल्या अशाच एका सर्व्हरमधलं कंट्रोलर कार्ड तिनं जपून ठेवलं होतं. ते आज पेटीत होतं. कार्ड बदलणं सोपं होतं. पण पहिल्या आणि तिसऱ्या खणातल्या डिस्क धड होत्या, आणि उरलेल्या दोघींपैकी एक परवा बाजूला पडली होती, दुसरी काही महिन्यांपूर्वी. परवाची घेऊन तिघींना एकत्र उठवलं तर जवळजवळ सगळं परत येणार होतं. चुकून महिन्यांपूर्वीची घेतली, तर तिच्यातलं शिळं आणि दोघींमधलं ताजं एकत्र कालवलं जाऊन सगळ्याचाच चिखल होणार होता, आणि तो नंतर निवडता येणार नव्हता. कंट्रोलरच्या नोंदीत तारीख असायला हवी होती, पण बॅटरी गेल्यामुळे दरवेळी वीज गेली की त्याचं घड्याळ पार मागे जाऊन बसायचं. सगळ्या नोंदींवर एकच कुठलीतरी जुनीपुराणी तारीख.

"दोन्ही सारख्या दिसतात, दोन्ही सारख्या फिरतात," ती म्हणाली. "आता त्यांच्या पोटात शिरून बघायचं."

म्हांगो दारातून डोकावले. "झालं का?"

"नाही."

"किती वेळ लागेल?"

"आधी चौघींची नक्कल करायची. ती होईपर्यंत मूळ डिस्कना मी हात लावणार नाही. उद्या सकाळपर्यंत तरी."

"उद्या! अमामा, बाहेर रांग बघितलीत का? पाळण्यातल्या पोरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या आगोगोंपर्यंत सगळे आलेत. नवी मांडणी करा आणि पुन्हा पहिल्यापासून लिहून काढा. आम्ही हातानं भरू."

"अदादा, या रांगेतल्या कुणाला कुठलं औषध सोसलं नाही, कुणाचं रक्त कधी बिघडलं, हे तुम्ही हातानं भरणार? कुठून बघून?"

म्हांगो थोडा वेळ दारातच घुटमळले. मग जनरेटरच्या डिझेलबद्दल काहीतरी कुरकुरत निघून गेले.

नकला सुरू झाल्या. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. दुपारी सिस्टर हारांनी तिला आपल्या घरी नेलं. मक्याच्या पिठाची घट्ट सिमा, टोमॅटोत शिजवलेले बारीक उसिपा मासे, आणि भोपळ्याच्या पानांची भाजी. सिस्टर निवृत्तीला आल्या होत्या, कावेंगातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच जन्मताना धरलं होतं. लुसुंगूला घास उचलायचाही कंटाळा आला होता. मासे मात्र तिनं सगळे खाल्ले.

"झोपत नाहीस वाटतं," सिस्टर म्हणाल्या.

"झोपते. पडल्या पडल्या लागते. उठल्यावर वाटतं, झोपलेच नव्हते."

"नवरा काही म्हणत नाही?"

"तो म्हणतो, तुझी ती यंत्रं आजारी पडतात तेव्हा तू धावतेस, मी पडलो की गोळी घे म्हणतेस."

सिस्टर खो खो हसल्या. "बरोबरच आहे त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नकला तयार होत्या. रांग पुन्हा लागलीच होती. लुसुंगूनं सिस्टरना आणि सिंगिनीला कोठारात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"आत सगळं तुकड्या-तुकड्यांत आहे," तिनं समजावलं. "तारखा आकड्यांच्या गुंत्यात दडल्यात, त्या वाचता येत नाहीत. पण नावं जशीच्या तशी दिसतात. मला अशा माणसाचं नाव हवंय, जो नव्यानं नोंदला गेला. दिवा लागल्यानंतर. ते नाव ज्या डिस्कवर अजिबात सापडणार नाही, ती शिळी."

"नवे पुष्कळ आहेत," सिस्टर म्हणाल्या. "तोवेरा म्कांडावीरे. ऑगस्टमध्ये आली, पोटुशी."

लुसुंगूनं नाव टाकलं. शोध लांबला. अखेर उत्तर आलं. चारही डिस्कवर, पानंच्या पानं.

"कसं शक्य आहे?" सिंगिनी म्हणाला.

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अरे, या किनाऱ्यावर तोवेरा म्कांडावीरे अशी हाक मार, अर्धा बाजार मागे वळून बघेल. माझ्याच यादीत सातआठ असतील."

मग त्यांनी दुसरं नाव सांगितलं, तिसरं सांगितलं. मेरी, जॉन, चिम्वेम्वे, फिरी, बांडा. सगळीकडे सापडत होती ती नावं, कारण ती नावं सगळ्यांचीच होती. कुठे आडनाव वेगळं निघालं तर सिस्टरना शंका यायची, हा नवा की जुनाच फिरून आलेला? एक अगदी नवीन बाई आठवली, पण तिचं नाव आलं फक्त पहिल्या डिस्कवर, ज्या डिस्कबद्दल प्रश्नच नव्हता. आली होती ती बिचारी एकदाच. तिचं असं कितीसं लिहिलं गेलं असणार?

"नाव वेगळं हवं," लुसुंगू डोळे चोळत म्हणाली. "आणि माणूस दोनचार वेळा येऊन गेलेला. म्हणजे त्याचा माग सगळीकडे असेल. आठवा, सिस्टर. या भागात दुसरं नसेल असं नाव."

सिस्टर हारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पदरासारख्या गुंडाळलेल्या चितेंजेचं टोक त्या बोटाला गुंडाळत राहिल्या.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या.

त्यांना आठवत होतं, हे लुसुंगूला कळलं. इतक्या वर्षांच्या वणवणीत तिला एवढं तरी समजायला लागलं होतं. पण परिचारिकेनं सांगायचं नाही ठरवलं तर तिला विचारायचं नसतं. बाहेर एक पोर रडत होतं, त्याची आई त्याला उगी करता करता स्वतःच रडकुंडीला आली होती.

"झोंडवायो," सिंगिनी म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"झोंडवायो सिंगिनी. टाका." तो पडद्याजवळ सरकला. "आईनं ठेवलेलं नाव. या डोंगरापलीकडचं. इथे दुसरा कुणी नाही या नावाचा."

लुसुंगूचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"टाका ना. जुलैत नोंदवलं मला. सिस्टरनीच. ऑगस्टमध्ये पुन्हा आलो. रक्त तपासलं, गोळ्या घेतल्या, वजन केलं. सगळीकडे असेल मी."

"आणि दिवा?" तिनं हळूच विचारलं. "तेव्हा लागलेला होता?"

"रिपोर्ट कळला त्या दिवशी बाहेर बसवेना. सगळे ओळखतात. म्हणून इथे येऊन बसलो, दार लावून. समोर हा पिवळा दिवा. किती वेळ मी त्याच्याकडेच बघत होतो, अमामा. डिस्क गेलीय हे कळत होतं मला. मागवायला हवी हेही कळत होतं. उद्या करू म्हटलं. मग रोजच उद्या करू म्हटलं. मग या खोलीत यायचंच टाळायला लागलो."

लुसुंगूनं एकेक अक्षर नाव टाकलं. पहिली डिस्क. सापडलं. तिसरी. सापडलं. चौथ्या खणातली. शोध संपेपर्यंत तिघंही पडद्याकडे बघत राहिली.

काहीच नाही.

मग दुसऱ्या खणातली. झोंडवायो सिंगिनी, झोंडवायो सिंगिनी, झोंडवायो सिंगिनी. वजनाबरोबर, गोळ्यांबरोबर, प्रयोगशाळेच्या नळीबरोबर.

"चौथी शिळी," लुसुंगू म्हणाली. तिनं चौथ्या खणातली डिस्क ओढून काढली, तिच्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत 'लावू नये' असं लिहिलं आणि ती पेटीच्या तळाशी टाकली.

पुढचं काम हातांना पाठ होतं. जुनं कार्ड उपसलं, रुम्फीचं बसवलं. सिंगिनीनं न सांगता टेबलपंखा उचलून उघड्या मशीनसमोर धरला आणि तो तसाच धरून उभा राहिला. कंट्रोलरनं विचारलं, डिस्कवर जुनी मांडणी लिहिलेली आहे, ती वाचू की पुसू? लुसुंगूनं प्रश्न दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा. थकल्यावर ती नेहमीच असं करी. डोळे एक वाचतात आणि बोट दुसरंच दाबतं, हे तिनं एकदा चांगलं भोगलं होतं. वाच, असं तिनं सांगितलं. मग दुसऱ्या खणातल्या डिस्कला जबरदस्तीनं जिवंत ठरवलं.

तीन हिरवे दिवे लागले. सर्व्हर घरघरला. फाइलींची तपासणी लांबत गेली, मधेच अडली, पुन्हा चालली. वीज गेली त्या घटकेला लिहिलं जात असलेलं काहीबाही तुटलं होतं, त्या दिवसाच्या दुपारच्या नोंदी गेल्या होत्या. बाकी सगळं आलं.

"एखाद्याचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बघायला हवं," लुसुंगू म्हणाली. "धड आलंय का नाही ते."

"माझंच उघडा," सिंगिनी म्हणाला. "आता काय राहिलंय."

सिस्टर खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला. लुसुंगू उठून दाराशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. पण खोली केवढीशी, ऐकू यायचं ते आलंच.

"जुलै, ठीक. ऑगस्ट, ठीक," सिस्टर वाचत होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. "सप्टेंबर कुठाय? सप्टेंबरात आला नाहीस तू?"

सिंगिनी टेबलपंख्याचं बटण खटखटवत राहिला.

"म्झुझूहून घेतो म्हणाला होतास मला! तिकडे कुणी ओळखत नाही, तिकडेच बरं, असं तूच म्हणालास. घेतल्यास का तिकडून?"

"नाही."

"म्हणजे महिनाभर गोळ्यांशिवाय? अरे गाढवा! दारातल्या त्या म्हाताऱ्या डोंगर चढून येतात, आणि तुझी खोली माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर!"

"सिस्टर, रांगेत सगळे..."

"रांगेतले सगळे कशासाठी उभे आहेत असं वाटतं तुला? माझं तोंड बघायला?" त्यांनी नाक ओढलं. त्या रागावल्या होत्या की रडत होत्या ते पाठमोऱ्या लुसुंगूला कळलं नाही. "वाळलास किती. मला वाटलं, काळजीनं वाळला असेल. माझंही चुकलंच. विचारायला हवं होतं मी. चल, ऊठ. आधी रक्त देशील, मग गोळ्या. आज, आत्ता."

"सर्व्हर..."

"त्याच्याकडे ती आहे. तुझ्याकडे कोण आहे? चल!"

ते दोघं तिच्या बाजूनं बाहेर पडले. सिस्टरनी त्याचा दंड धरला होता, जसा वर्गातून बाहेर काढलेल्या मुलाचा धरावा. ओसरीवरच्या लोकांनी वाट दिली. एका म्हाताऱ्यानं सरकून बाकावर जागा केली आणि सिंगिनी क्षणभर घुटमळून तिथे बसला. दुसऱ्या टोकाला खिडकीतला पडदा उजळला होता, आणि तिथली नर्स पहिल्या बाईचं नाव पुकारत होती.

लुसुंगूनं रिकाम्या चौथ्या खणात पेटीतली नवी डिस्क सरकवली. उरलेल्या तिघींनी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. ते रात्रीपर्यंत चालणार होतं. पंख्याचं किटण तिनं काडीनं खरवडून काढलं, थंड हवेच्या डब्यासाठी वेगळी तार ओढायला म्हांगोंना सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा डिझेलचं काढताच त्यांच्याकडे नुसतं बघत राहिली, तेव्हा ते हो म्हणाले.

दुपार कलल्यावर सिंगिनी कोठारात परत आला. दंडावर कापसाचा बोळा, खिशात गोळ्यांची बाटली. चालताना तिचा आवाज होत होता.

"ऑफिसला काय सांगणार?" त्यानं विचारलं.

"पंखा जाम झाला, कार्ड मेलं. बॅकअपची डिस्क मागितली होती, आम्ही दिली नाही. पिवळा दिवा जुलैपासून होता आणि कुणी कळवलं नाही, हेही लिहावं लागेल मला. ते मी लपवणार नाही."

"लिहा." त्यानं मान हलवली. "का कळवलं नाही म्हणून विचारतील."

"मला विचारतील तर मला माहीत नाही. तुला विचारतील तर तू ठरव."

तो थोडा वेळ नव्या डिस्कच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत बसला. "मी बसतो इथे," तो म्हणाला. "हे पुरं होईपर्यंत. तुम्ही जा. चेहरा बघा तुमचा, कुणी म्हणेल तुम्हालाच भरती करा."

"तोंड सुटलं वाटतं तुझं परत."

"रक्त काढलं ना, हलकं वाटतंय."

ती हसली, हसताना जांभई आली, आणि ती आवरेना. पेटी उचलून ती आंब्याखाली लावलेल्या पिकअपपाशी गेली. म्झुझूपर्यंतचा घाट डोळ्यांसमोर आला. किल्ली तिनं लावली, पण फिरवली नाही. सीट मागे पाडली, चपला काढल्या आणि गुडघ्याखाली अवजारांचं फडकं गुंडाळून ठेवलं.

जरा वेळानं म्हांगो आभार मानायला म्हणून आले आणि काच ठोठावायला त्यांनी हात उचलला. ओसरीवरून सिस्टर हारांनी त्यांना असा आवाज दिला, की रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हांगोंनी हात खाली घेतला. गाडीतल्या बाईचं तोंड किंचित उघडं होतं आणि ती घोरत होती.